काढा, कटिस्नान आणि राजकारण : आरोग्यगुरूंवरचा संशय कसा तपासावा?

संशय येतो तो क्षण

गेल्या पावसाळ्यात वर्ध्याला मावशीकडे गेले होते. तिने मोबाइलवर एक भाषण लावलं. पहिली दहा मिनिटं छान गेली. पाणी बसून प्यावं, डाळ मातीच्या भांड्यात शिजवावी, मैदा टाळावा. मावशी मान डोलावत होती, मीही ऐकत होते. मग वक्त्याचा आवाज चढला. आपलं घरगुती ज्ञान कुणी बुडवलं, आपली मुलं कमजोर कोण करतंय, ‘त्यांची’ संख्या कशी वाढतेय! डाळीवरून बोलणं एका समाजावर कधी आलं, ते मावशीच्या लक्षातही आलं नाही. मी फीत बंद केली तेव्हा ती म्हणाली, “पण डाळीचं तर खरंच सांगतो ना गं तो?”

मावशीचा हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. काढा, योग, निसर्गोपचार सांगणारा माणूस आतून कडव्या उजव्या विचारांचा आहे का, ही शंका आज अनेकांना येते. कधी ती रास्त असते, तर कधी निव्वळ अन्याय. फरक कसा करायचा, हे समजून घ्यायला वर्धा जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही.

मूळ जर्मनीत

वर्ध्याजवळ गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात पोहोचलेला निसर्गोपचार बराचसा जर्मनीतून आला. लाइपझिगचे लुई कुने यांचं कटिस्नान आणि ॲडॉल्फ जुस्ट यांचे मातीचे उपचार गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असतानाच वाचले आणि करून पाहिले. त्या काळी जर्मनीत ‘जीवनसुधारणा’ नावाची मोठी चळवळ होती. शाकाहार, ऊन, उघडी हवा, अनवाणी चालणं असं सगळं तिच्यात होतं. समाजवादी कामगारांचे निसर्गोपचार संघ होते, तसेच वंशशुद्धीची स्वप्नं पाहणारे गटही होते.

1933 साली नाझी सत्तेवर आले आणि त्यांनी या चळवळीतलं आपल्या सोयीचं तेवढं उचललं. 1934 मध्ये ड्रेस्डेनला रुडॉल्फ हेस या नाझी नेत्याच्या नावाचं रुग्णालय उभं राहिलं. तिथे निसर्गोपचार आणि नेहमीचं वैद्यक यांची सांगड घालायची होती. ‘नवं जर्मन वैद्यक’ अशी घोषणा झाली. दाखाउच्या छळछावणीला लागून औषधी वनस्पतींचा मोठा मळा होता. तिथे कैद्यांना राबवलं जाई आणि त्यात कित्येक मेले. याच राजवटीने सुमारे 4 लाख माणसांची सक्तीने नसबंदी केली.

म्हणजे शंकेला इतिहासाचा आधार आहे. शुद्ध अन्न, शुद्ध शरीर, शुद्ध रक्त, शुद्ध राष्ट्र या पायऱ्या एकमेकींना लागून आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांवर असंख्य साधी माणसं आयुष्यभर सुखाने राहतात. धोका तिसऱ्या पायरीपासून सुरू होतो.

परचुरे कुटी

गांधीजी 1936 साली शेगावला राहायला आले, तेच आजचं सेवाग्राम. आश्रमात बापूकुटीपासून थोड्याच अंतरावर परचुरे कुटी आहे. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना कुष्ठरोग झालेला. त्या काळी असा माणूस दारात उभा राहिला तरी लोक दूर सरत. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हाताने त्यांचं मालिश केलं. त्याच सुमारास वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी कुष्ठरोग्यांसाठी काम उभं केलं.

कुने आणि जुस्ट यांची तीच पुस्तकं, तीच माती, तेच पाणी. जर्मनीत त्यातून ‘अशुद्ध’ माणसाला समाजातून काढून टाकण्याची भाषा करणाऱ्यांना बळ मिळालं; सेवाग्रामला ‘अशुद्ध’ ठरवलेल्या माणसाच्या अंगाला हात लागला. माझ्या मते, उपचाराचं राजकारण ओळखायची याहून चांगली कसोटी नाही. तो उपचार नकोशा माणसाला जवळ घेतो की बाहेर ढकलतो, ते पाहावं.

आणखी एक गोष्ट. गांधीजींनी आपल्या पद्धतीचा अहंकार बाळगला नाही. 12 जानेवारी 1924 रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाने त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली, आणि ती करून घेताना त्यांनी आपला निसर्गोपचार आड येऊ दिला नाही.

गाय एकच, वाटा निरनिराळ्या

वर्ध्याला येणारा पाहुणा गोरस भांडारातला गोरसपाक घेतल्याशिवाय परतत नाही. त्यामागे गोसेवेचा इतिहास आहे. 1941 साली गोसेवा संघ झाला आणि जमनालाल बजाजांनी शेवटचे महिने त्याच कामाला दिले. इथला आग्रह चांगल्या गवळाऊ गाईचा आणि शुद्ध दुधाचा होता. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात देवलापारला गोविज्ञान अनुसंधान केंद्र आहे. तिथे पंचगव्याची औषधं होतात आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या परिवाराशी असलेलं त्याचं नातं उघड आहे; त्यात छुपं काही शोधायला नको. गोमूत्र अर्काला 2002 साली मिळालेलं अमेरिकी पेटंट अनेकजण पुरावा म्हणून दाखवतात. पण पेटंट हा मालकीचा हक्क असतो. रोग बरा होतो याची ती ग्वाही नव्हे.

गोहत्याबंदी कायद्याने लादू नये, कारण हा देश केवळ हिंदूंचा नाही, असं गांधीजी जुलै 1947 मध्ये म्हणाले. त्यांच्याच पवनारच्या शिष्याने, विनोबांनी, 1979 साली याच बंदीसाठी उपोषण केलं. मग विनोबा उजवे झाले का? मार्च 1948 मध्ये सेवाग्रामच्या बैठकीत संघाची कार्यपद्धती फॅसिस्ट आहे असं स्पष्ट बोलणारे हेच विनोबा. एका खुणेवरून माणूस ओळखायला गेलं की अशी फसगत होते.

संगतीवरून निकाल नको

डिसेंबर 1934 मध्ये वर्ध्याला राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचं शिबिर भरलं होतं. गांधीजी तिथे गेले. शिस्त आणि अस्पृश्यता न पाळणं त्यांना आवडलं, आणि ते त्यांनी पुढे सांगितलंही. पण त्यावरून त्यांना कुणी संघाचं म्हणत नाही. कुणाचा एखादा फोटो, एका व्यासपीठावरची हजेरी, एका मासिकातला लेख यावरून ‘छुपा’ हा शिक्का मारणं मला मान्य नाही.

राजीव दीक्षितांचं काय?

इथे राजीव दीक्षितांचं नाव टाळता येत नाही. आझादी बचाओ आंदोलनाचे हे वक्ते सेवाग्राम-वर्ध्यात राहून काम करत. परदेशी कंपन्यांवर बहिष्कार, स्वदेशी, आणि वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’च्या आधाराने दिनचर्या हे त्यांचे विषय. 2009 मध्ये ते योगगुरू रामदेव यांच्या भारत स्वाभिमानमध्ये गेले आणि 30 नोव्हेंबर 2010 रोजी भिलाईला त्यांचं निधन झालं. त्यांच्या फिती आजही घरोघर ऐकल्या जातात.

त्यांना छुपे कडवे उजवे म्हणावं का? कंपन्यांवरचा त्यांचा राग डावेही बोलून दाखवत होते. त्यांचे जुने सहकारी गांधीविचाराचे होते. त्यामुळे तो शिक्का मी मारणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. 1947 चं स्वातंत्र्य खोटं, तो नुसता सत्तांतराचा करार, असं ते ठासून सांगत. भारतीय स्वातंत्र्याचा कायदा ब्रिटिश संसदेत उघडपणे मंजूर झालेला आहे, कुणीही वाचावा. जेवणावर लगेच पाणी पिऊ नका आणि तुमचं स्वातंत्र्य खोटं, ही दोन्ही वाक्यं एकाच खात्रीने ऐकायची सवय लागली की तिसरा कुणीही येऊन त्याच कानात द्वेष ओतू शकतो. मावशीच्या फितीत तेच घडलं.

आणि वाग्भटाबद्दल एक सांगायला हवं. त्याचा ग्रंथ तिबेटी बौद्धांनी भाषांतर करून शतकानुशतकं जपला. त्यावर एकाच धर्माचा झेंडा लावता येत नाही.

मग बघायचं काय?

आरोग्यगुरूने काढा कुठला दिला, यापेक्षा आजारासाठी तो दोष कुणाला देतो ते ऐका. तो सवयीला दोष देतो, जंतूला देतो, की शेजारच्या वस्तीला? चूक दाखवली तर दुरुस्त करतो, की दाखवणाऱ्याला देशद्रोही म्हणतो? पैसा आणि संघटना उघड आहेत का? त्याच्या दवाखान्यात मुसलमान, दलित, आदिवासी रुग्ण त्याच बाकावर बसतात का? उत्तरं मिळाली की शंका घेत बसावं लागत नाही. आणि उत्तर वाईट निघालं, तरी डाळीबद्दल तो खरं बोलला असेल तर ते खरंच राहतं. त्याचं बाकीचं मात्र त्या डाळीबरोबर गिळू नका.

औषधाचा प्रश्न

राजकारण काहीही असो, मधुमेह आणि कर्करोग बरा करण्याची जाहिरात 1954 च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने निषिद्ध आहे. याच प्रकारच्या जाहिरातींच्या प्रकरणात 2024 साली रामदेव यांच्या पतंजलीला सर्वोच्च न्यायालयात जाहीर माफी मागावी लागली. तेव्हा कुणाच्याही सांगण्यावरून इन्सुलिन, रक्तदाबाची किंवा क्षयाची गोळी बंद करू नका. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे, आधी तिथे विचारा. आणि असा दावा छापलेला कागद हाती आला तर फाडू नका; तारीख टाकून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसोबत द्या.