अंगठा पोचतो का? छोट्या फ्लॅगशिप फोनबद्दल थोडं सविस्तर

ज्यांचे इअरफोन आज घरी राहिलेत त्यांच्यासाठी या आठवड्याचा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना मी जिथे भरकटले तिथे कात्री लावलीय, बाकी जवळपास तसंच आहे.

तर विषय असा. मागच्या एपिसोडमध्ये मी सहज म्हणाले होते, की मला अजूनही छोटा फोन आवडतो. झालं! व्हॉइस नोट्सचा ढीग. अर्धे म्हणतात "ताई, मलापण", आणि उरलेले म्हणतात "ताई, बॅटरीचं काय?" दोघांचंही बरोबर आहे, म्हणून आज नीट बोलू.

माझा छोटा फोन होता सॅमसंगचा एस१०ई. २०१९ मध्ये एस१० आणि एस१० प्लसबरोबर आलेला धाकटा भाऊ. भारतात किंमत ५५,९०० होती, मी अर्थातच सेकंडहँड घेतला. ५.८ इंची स्क्रीन, वजन १५० ग्रॅम, वर हेडफोन जॅक आणि मेमरी कार्डची जागा. प्रोसेसर मोठ्या भावांचाच. "स्वस्त म्हणून छोटा" असा तो नव्हता, आणि हेच महत्त्वाचं. लहान फोन बाजारात तेव्हाही होते, पण बहुतेक लहान म्हणजे दुय्यम.

मी डोंबिवली ते दादर रोज लोकलने जाते. सकाळच्या लेडीज डब्यात एक हात वरच्या कडीला, खांद्यावर पर्स, आणि उरलेल्या हातात फोन. दुसरा हात नसतोच! मोठा फोन तिथे वापरायचा म्हणजे करंगळीवर तोलायचा आणि अंगठा ताणून वरचं बटण गाठायचं. एस१०ई मुठीत बसायचा. पॉवर बटणातच फिंगरप्रिंट होतं, त्यामुळे पर्समधून काढेपर्यंत लॉक उघडलेलं असायचं. नाशिकच्या एका नर्स मैत्रिणीची नोट आली, तिचं म्हणणं एका वाक्यात: युनिफॉर्मच्या खिशातून वाकल्यावर पडत नाही तो फोन चांगला. स्पेसिफिकेशनच्या यादीत हे कुठे लिहितात सांगा.

इथे एक गोष्ट समजून घ्या, खरेदीला कामाला येईल. फोन हातात मावतो की नाही हे इंचावर ठरत नाही, रुंदीवर ठरतं. इंच म्हणजे स्क्रीनचा कर्ण. स्क्रीन उंच आणि अरुंद केली की कर्ण वाढतो, पण पकड फारशी बदलत नाही. सोनीचा एक्सपीरिया झेड३ कॉम्पॅक्ट आठवतोय का कुणाला? २०१४ चा, ४.६ इंची. त्याची रुंदी सुमारे ६५ मिलिमीटर. एस१०ई ५.८ इंची, म्हणजे कागदावर सव्वा इंच मोठा, आणि रुंदी ७० मिलिमीटरच्या आत. फरक फक्त पाच मिलिमीटरचा! म्हणून ऑनलाइन बघताना "डायमेन्शन्स" उघडा आणि मधला आकडा वाचा. सत्तरच्या आसपास असेल तर बहुतेकांचा अंगठा पलीकडच्या कडेला पोचतो. पंचाहत्तरच्या पुढे गेलात की दोन हात लागणार.

आता बॅटरी.

फोन लहान करताना आतलं सगळं लहान होत नाही. चार्जिंगचं पोर्ट तेवढंच, कॅमेऱ्याचं सेन्सर तेवढंच, मदरबोर्डही जवळपास तेवढाच. जागा कापायची कुठून? बॅटरीतून. एस१० प्लसला ४१०० एमएएच होती, एस१०ई ला ३१००. आकारात थोडी काटछाट, बॅटरीत मात्र जवळपास चौथा हिस्सा गेला. वर प्रोसेसर तोच, म्हणजे उष्णता तेवढीच आणि ती बाहेर सोडायला पृष्ठभाग कमी. एक डिलिव्हरीवाला दादा सांगत होता, मे महिन्यात बाईकवर मॅप लावला की त्याचा छोटा फोन (वेगळ्या कंपनीचा आहे, नाव राहू दे) ब्राइटनेस आपोआप कमी करतो, मग उन्हात काही दिसत नाही. त्याच्या कामाला छोटा फोन नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण खरी गोम पुढे आहे, आणि ती मला फार उशिरा कळली. छोटी बॅटरी नुसती लवकर संपत नाही, ती लवकर म्हातारीही होते. लिथियम बॅटरीचं वय सायकलमध्ये मोजतात. शंभर टक्के वापर झाला की एक सायकल, मग तो एका दिवसात होवो नाहीतर दोन. समजा तुम्ही रोज ३००० एमएएच खर्च करता. ३१०० च्या बॅटरीवर ती जवळपास रोज एक सायकल, दोन वर्षांत सातशेच्या आसपास. ५००० च्या बॅटरीवर तेवढ्याच वापरात साडेचारशेच्या आत. मोठी स्क्रीन थोडी जास्त वीज खाते, हे धरलं तरी अंतर राहतंच. म्हणजे सेकंडहँड छोटा फोन घेताना पुढचा खर्च धरूनच चाला: बॅटरी बदलावी लागणार.

मी बदलली. आणि इथे माती खाल्ली.

दुपारी तीनपर्यंत फोन बंद पडायला लागला होता, म्हणून स्टेशनबाहेरच्या एका दुकानात अर्ध्या तासात बॅटरी बदलून घेतली. दुकानदाराला दोष देत नाही, मी विचारलंच नाही. काय विचारायला हवं होतं? एस१०ई ला आयपी६८ रेटिंग होतं, म्हणजे दीड मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. हे संरक्षण येतं ते मुख्यतः कडेने लावलेल्या गोंदाच्या पट्टीमुळे. बॅटरी काढायची तर मागची काच गरम करून हा गोंद कापावाच लागतो. नंतर कडा साफ करून नवी पट्टी लावली नाही, तर काच वरून चिकटलेली दिसते आणि आत पाणी जायला वाट मोकळी. माझ्या डोक्यात मात्र "आपला फोन वॉटरप्रूफ" हेच पक्कं बसलेलं. जुलैच्या पावसात कुर्त्याच्या खिशात ठेवून स्टेशन ते घर चालत आले. रात्री स्क्रीनवर हिरवी रेघ, सकाळी काहीच नाही.

फोटो मेमरी कार्डवर होते, ते वाचले. आजीच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज फोनच्या आतल्या मेमरीत होती. ती दळताना म्हणायची त्या ओव्या, मधे मधे मला "चहा ठेव गं" म्हणते तेसुद्धा. बॅकअप फक्त फोटोंचा चालू होता. दोन ठिकाणी दाखवला फोन. आतला डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो आणि त्याची किल्ली त्याच बोर्डवरच्या चिपशी बांधलेली असते. मेमरीची चिप काढून दुसरीकडे लावून वाचता येत नाही. बोर्ड जिवंत झाला तरच डेटा. तो झाला नाही. आजी आता नाही. एपिसोडमध्ये इथे मी जरा थांबले होते, तो गॅप एडिटमध्ये तसाच ठेवलाय.

म्हणून हात जोडून सांगते: व्हॉइस रेकॉर्डर आपलं आपण फोटोंच्या बॅकअपमध्ये जातं असं समजू नका. आज सेटिंग उघडून बघा. आणि फोन एकदा उघडला की तो वॉटरप्रूफ नाही असंच धरा, कुणी कितीही सांगो.

बरं, मग आता घ्यायचा कुठला? बरेच जण आसुसचं नाव घेतात. त्यांचा झेनफोन ८ भारतात २०२२ मध्ये ८झेड नावाने आला, ५.९ इंची. २०२३ च्या झेनफोन १० नंतर त्यांनीही २०२४ मध्ये ६.७८ इंची ११ अल्ट्रा काढला. ॲपलने मिनी दोनच वर्षं चालवला, १२ आणि १३. ही मालिका बघून वाटतं की छोट्या फोनचे चाहते बोलतात जास्त आणि विकत घेतात कमी! त्यात मीही आलेच, सेकंडहँड घेणारी.

अलीकडे एक बदल दिसतोय तो सिलिकॉन-कार्बन बॅटरीचा. नेहमीच्या बॅटरीत एका बाजूला ग्रॅफाइट असतं. सिलिकॉन त्याच्या कितीतरी पट लिथियम धरून ठेवतं, पण चार्ज होताना प्रचंड फुगतं, म्हणून ते कार्बनमध्ये मिसळून वापरतात. परिणाम बघा: २०२५ चा वनप्लस १३एस, ६.३२ इंची, रुंदी ७२ मिलिमीटरच्या आत, आणि बॅटरी ५८५० एमएएच. वजन मात्र १८५ ग्रॅम. एस१०ई ची सवय असलेल्या मनगटाला ते कळतं. मी दुकानात जाऊन दहा मिनिटं एका हाताने धरून उभी राहिले, सेल्समन विचारत होता मॅडम काही प्रॉब्लेम आहे का. अजून घेतलेला नाही. सध्या भावाचा जुना मोठा फोन वापरतेय, आणि लोकलमध्ये तो बाहेर काढत नाही.

डावखुऱ्या लोकांनो, तुमच्या नोट्स फार कमी आल्या. बाजूचं फिंगरप्रिंट बटण तुम्ही कुठल्या बोटाने दाबता, तेवढं रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात घेते.