खड्डा घेण्याआधी खडकाला विचारा

महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतल्या टँकरच्या बातम्या ओसरतात, पावसाच्या सुरू होतात आणि त्या मधल्या दिवसांत पुण्याला ‘रेन वॉटर हार्वेस्टिंग’ आठवतं. आता जोडीला नकाशाची भाषाही आली आहे: पाणी मुरवायला शहरात कुठली जागा योग्य, कुठली नाही.

अशा नकाशाची मागणी रास्तच आहे. आजचा नियम भूखंडाचं क्षेत्रफळ बघतो, खालचा खडक बघत नाही. टेकडीच्या पायथ्याला आणि नदीकाठाला खड्डा एकाच छापाचा. पूर्णत्वाचा दाखला निघाला, मिळकतकरात सवलत बसली, की त्यात पाणी उतरतं का हे पाहायला सहसा कोणी फिरकत नाही.

असे नकाशे संगणकावर थरावर थर ठेवून होतात. पाऊस, उतार, माती, ओढे, खडक, जमिनीचा वापर अशा प्रत्येक थराला महत्त्वाप्रमाणे गुण द्यायचे आणि बेरीज रंगांत दाखवायची. गोम गुणांमध्ये आहे. उताराला जास्त दिले की एक पेठ हिरवी होते, मातीला दिले की दुसरी. शिवाय लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका ३० मीटरचा. त्यात अख्खी इमारत मावते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पोटात घेतलेल्या शहरात जमीन-वापराचा थर छापेपर्यंत शिळा होतो.

आणि पुण्याचं खरं गुपित उपग्रहाला दिसतच नाही. इथे लाव्हाचे थर एकावर एक आहेत. एखाद्या थरात भेगा, पोकळ्या, वर मुरूम. तिथे पाणी चालतं. शेजारीच अभंग काळा पाषाण असतो, तिथे खड्डा म्हणजे डासांची सोय. ‘अ‍ॅक्वाडॅम’ या भूजल अभ्यासणाऱ्या संस्थेचे तज्ज्ञ डॉ. हिमांशू कुलकर्णी वर्षानुवर्षं हेच मांडत आलेत, की विहिरी मोजू नका, जलधर, म्हणजे पाणी धरणारा खडक, समजून घ्या. वेताळ टेकडीवरच्या प्रस्तावित रस्त्याच्या वादातही भूजल आलं ते टेकडीवर पाणी मुरतं म्हणूनच. माझ्या मते नकाशात टेकड्यांना पहिला मान हवा. झाडी वाचली तर तिथे खड्डाही लागत नाही.

जलधराचं पोटही लहान. बेसाल्टमधून घनमीटरमागे साधारण २० लिटर पाणी हाती लागतं. १०० चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, गळती-उडणं वजा केलं, तरी ५६ हजार लिटर उरतात. तेवढ्याने हजार चौरस मीटर जमिनीखालची पातळी कागदावर पावणेतीन मीटर चढते! भर पावसात सखल भागातला जलधर आधीच तुडुंब असतो. मग गेटपाशी पाणी मुरवायचा खड्डा आणि तळघराच्या पार्किंगमधून तेच पाणी गटारात फेकणारा पंप, असा तमाशा एकाच आवारात चालतो. अशा ठिकाणी नकाशाने ‘मुरवू नका, टाकीत साठवा’ असं स्पष्ट सांगायला हवं. पावसाळ्यातही टँकर मागवणाऱ्या सोसायट्यांचा तेवढ्याने बराच खर्च वाचेल.

खडकाचा थर भरायची माहिती शहरात आहे, पण विखुरलेली. किती फुटांवर मुरूम संपला, कुठे पाषाण लागला, पाणी कुठे फुटलं, हे प्रत्येक बोअरवाला जाणतो. राज्याचा भूजल कायदा २००९ चा, अंमल २०१४ पासून. विहिरींची नोंदणी त्यात आहेच. नोंदणीच्या अर्जातच हे तपशील लिहून घेतले, तर निदान नव्या बोअरची माहिती कागदावर येईल. जुन्यांसाठी बोअरवाल्यांच्या वह्याच मागाव्या लागतील.