बॉनेटखालचा माठ

जपानच्या सुबारू कंपनीने इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआय या नावाने जी मोटार विकली, तिच्या काही आवृत्त्यांत चालकासमोर एक लहानसे बटण असे. ते दाबले की डिकीतल्या टाकीतून पाणी पुढे ढकलले जाई आणि बॉनेटखाली, इंजिनाच्या डोक्यावर आडव्या बसवलेल्या एका ॲल्युमिनियमच्या जाळीदार पेटीवर फवारले जाई. काच धुण्याच्या फवाऱ्याचेच हे भावंड, पण काम अगदी निराळे. मित्सुबिशीच्या लान्सर इव्होल्यूशनच्या काही आवृत्त्यांतही असा फवारा होता. तिथे ती पेटी पुढच्या बंपरमागे असे. जागतिक रॅली स्पर्धेत या दोन गाड्या एकमेकींच्या हाडवैरी. टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ अशी सलग चार विजेतेपदे लान्सरवर मिळवली. सुबारूकडून १९९५ मध्ये कॉलिन मॅकरे, २००१ मध्ये रिचर्ड बर्न्स आणि २००३ मध्ये पेटर सोलबर्ग जिंकले. सेकंदाच्या दशांशासाठी झगडणाऱ्या अभियंत्यांनी अखेर पाणी शिंपडण्याचा, आपल्या आजीला सुचेल असा उपाय का केला, हे समजून घेण्यासारखे आहे.

ती पेटी म्हणजे इंटरकूलर. तिची गरज टर्बोचार्जरमुळे निर्माण होते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूंच्या झोताने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा इंजिनात कोंबायची, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची. त्याचे पेटंट १९०५ चे. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. पण हवा दाबली की तापते. सायकलच्या हातपंपाने चाकात हवा भरताना पंपाचे बूड हाताला चटका देते, त्यात दट्ट्याच्या घर्षणाचा भाग थोडा, दाबल्या गेलेल्या हवेचा मोठा. तीस अंशाची हवा दुप्पट दाबावर नेली तर आदर्श यंत्रातही ती सुमारे ९६ अंशांवर जाते. टर्बो आदर्श नसतो. त्याची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली तर आकडा १२५ च्या घरात जातो.

इंटरकूलर ही हवा नळ्यांतून फिरवतो, नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांवरून बाहेरचा वारा जातो आणि आतली हवा समजा साठ अंशांपर्यंत उतरते. दोन लिटरचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांनी धावत असेल तर सेकंदाला साधारण १९० ग्रॅम हवा ओढते. तेवढ्या हवेतली पासष्ट अंशांची उष्णता काढणे म्हणजे सुमारे बारा किलोवॉट. न्हाणीघरातले दोन किलोवॉटचे सहा गीझर एकदम चालवावेत, इतकी.

थंड हवा दाट असते. साठाची पन्नास अंश झाली तर तेवढ्याच जागेत तीन टक्के जास्त हवा मावते. बहुतेक लिखाणात फवाऱ्याचा फायदा इथेच संपवतात. मला तो दुय्यम वाटतो. त्या काळच्या रॅलीच्या नियमांनी टर्बोच्या तोंडाशी ३४ मिलिमीटर व्यासाचा आवळता गळा बसवणे सक्तीचे केले होते. त्या गळ्यातून ठरावीक मर्यादेपलीकडे हवा जाऊच शकत नाही, मग पुढे ती कितीही थंड करा. तरीही तापमानाची काळजी सुटत नाही, कारण खरी भीती नॉकिंगची असते. पेट्रोल इंजिनात ठिणगीपासून ज्योत पसरत जाते. ती पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप भडकले, तर आत हातोडा मारल्यासारखा धक्का बसतो. हे चालू राहिले तर पिस्टन फुटू शकतो. म्हणून इंजिनाचा संगणक नॉकिंगची चाहूल लागताच ठिणगी उशिरा देतो. इंजिन वाचते, पण जोर जातो. घाटाच्या मध्यावर गाडी अचानक मरगळते ती अशी.

आता पाणी. ते थंड असते म्हणून इंटरकूलर गार होतो, हा समज सार्वत्रिक आहे आणि बहुतांशी चुकीचा. एक किलो पाणी पंचवीस अंशांवरून पंचेचाळीसवर जाताना जेमतेम ८४ किलोज्यूल उष्णता घेते. तेच किलोभर पाणी वाफ होऊन गेले तर सुमारे २,४०० किलोज्यूल घेऊन जाते. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. म्हणजे अठ्ठावीसपटीहून अधिक. माठातले पाणी गार होते ते माठाच्या अंगावर पाझरलेले पाणी उडून जाते म्हणून. रंग दिलेला माठ पाणी गार करत नाही. इंटरकूलरवर फवारा मारणे म्हणजे त्याचा माठ करणे. टाकीत बर्फ घालणाऱ्या हौशी मंडळींना यातून फारसे काही मिळत नाही.

हिशोब केला तर पाणी किती थोडे लागते याचे नवल वाटते. वरच्या इंजिनाची हवा आणखी दहा अंशांनी उतरवायची तर जवळपास दोन किलोवॉट जादा उष्णता काढावी लागेल. सगळे पाणी पत्र्यांवरच उडाले असे धरले, तर सेकंदाला एक ग्रॅमही लागत नाही. सहा सेकंदांना चहाचा एक चमचा. प्रत्यक्षात बरेच थेंब वाऱ्याबरोबर निसटतात किंवा खाली ठिबकतात. म्हणून फवाऱ्याची कला पाण्याच्या मापात कमी आणि थेंबाच्या आकारात जास्त आहे. फार बारीक धुके पत्र्याला न चिकटता पार होते, जाड धार नुसती ओघळते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे एक शंका येईल. नागपुरात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर उन्हाळ्यात घर गार करतो आणि मुंबईत तोच कूलर घरात फक्त दमटपणा भरतो. मग दमट हवेत हा फवाराही निकामीच ठरणार? नाही. कूलरमधले पाणी खोलीच्याच हवेने तापलेले असते, त्यामुळे ओल्या फडक्याचे तापमान हीच त्याची तळरेषा. नागपुरात ४४ अंश आणि पंधरा टक्के आर्द्रता असताना ती सुमारे २३ असते. मुंबईत तीस अंश आणि पंच्याऐंशी टक्क्यांना २८ च्या आसपास, म्हणजे मिळकत अवघी दोन अंशांची. इंटरकूलरचा पत्रा मात्र हवेपेक्षा खूप तापलेला. साठ अंशांच्या ओल्या पृष्ठभागावरचा बाष्पदाब मुंबईच्या त्या हवेतल्या बाष्पदाबाच्या पाचपटीहून जास्त भरतो. ओले कपडे भर पावसाळ्यातही इस्त्रीखाली वाळतात, तसेच हे. कोरड्या हवेत फवारा अधिक चालतो, दमट हवेत कमी, पण बंद पडत नाही.

पाण्याचा दुसराही एक मार्ग आहे, थेट इंजिनाच्या आत. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांनी तो वापरला. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोची गाडी आली, तिच्या इंजिनात नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण सोडले जाई. कंपनीने त्याला ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असे झोकदार नाव दिले. गिऱ्हाइके ते भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब रोखला जाई, गाडी सुस्त होई आणि मालक कंपनीला शिव्या घालत. पुढे अनेक गाड्यांचे टर्बो काढूनच टाकले गेले. सुबारूचा फवारा बाहेर आहे, यात मला शहाणपण दिसते: टाकी कोरडी पडली तरी इंजिन नेहमीसारखे चालते.

फवाऱ्याने लहान इंटरकूलर मोठा होत नाही. टाकी संपते, ज्याला तासन्‌तास जोर हवा त्याने पेटीच मोठी बसवावी. फवारा कामाचा तो थोड्या मिनिटांपुरता, आणि सुबारूत विशेष. तिचा इंटरकूलर इंजिनावरच बसलेला. गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिली की बॉनेटवरच्या खाचेतून वारा येत नाही आणि खालून इंजिनाची धग लागत राहते. झेंडा पडण्याआधीच पेटी भाजलेली. म्हणून बटण आधी दाबायचे: धातू तापायला वेळ घेतो तसा निवायलाही घेतो, आणि निवलेली पेटी पहिल्या काही सेकंदांची उष्णता स्वतःच पोटात घेते.

आपल्याकडे काच धुण्याचा पंप आणि नळी वापरून असा फवारा घरच्या घरी बसवता येतो. तो बोअरच्या पाण्यावर मात्र चालवू नये. पाणी उडते, क्षार मागे राहतात. मराठवाड्यातल्या गीझरच्या कॉइलवर चढतो तोच पांढरा थर इंटरकूलरच्या पत्र्यांवर चढतो, वाऱ्याच्या वाटा बुजवतो आणि उष्णता अडवतो. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावरही मिळते, तेच घालावे.