शिक्षकांची अर्हता आणि पालकांचा अधिकार

‘नीट’चा निकाल लागला की लातूरच्या उद्योग भवन परिसरात आणि नांदेडच्या श्रीनगर-बाबानगर भागात खाजगी शिकवण्यांचे जे विस्तीर्ण फलक उभे राहतात, त्यांवर यशस्वी विद्यार्थ्यांच्या छबी आणि त्यांचे गुण ठळकपणे झळकतात, परंतु ज्यांच्या अध्यापनाचे हे फळ म्हणून सांगितले जाते, त्यांनी स्वतः कोणती पदवी कोठून संपादन केली, याचा उल्लेख तेथे क्वचितच आढळतो. ‘लातूर पॅटर्न’च्या कीर्तीवर विसंबून अहमदपूर, मुखेड वा किनवटहून आलेला पालक सोयाबीनच्या पट्टीतून शुल्क भरतो, पण सरांचे शिक्षण किती, असे विचारणे त्याला अजूनही उद्धटपणाचे वाटते.

शाळेतील शिक्षकाने तरी अर्हताप्राप्त असावे, याविषयी कायद्यात संदिग्धता नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 23 अन्वये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 23 ऑगस्ट 2010 रोजी पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी किमान अर्हता ठरवून दिली आणि तीत शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे ‘टीईटी’चा, अंतर्भाव केला. ही परीक्षा आपल्या राज्यात प्रथम डिसेंबर 2013 मध्ये झाली. पुढे 2019-20 च्या परीक्षेतील गैरप्रकार उघडकीस येऊन 7,880 उमेदवार अपात्र ठरले, तेव्हा प्रमाणपत्र असणे आणि ते खरे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे सर्वांना कळून चुकले. 1 सप्टेंबर 2025 रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होण्याचे बंधन घातले.

मात्र ही सारी जबाबदारी शिक्षक आणि शासन यांच्यातील आहे. पालकाला तिची खातरजमा करावयाची झाल्यास त्याची वाट दफ्तराच्या आडवळणाने जाते. माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 कर्मचाऱ्यांची नामावली आणि मासिक वेतन स्वतःहून जाहीर करण्यास फर्मावते. अर्हतेचा तेथे नामनिर्देश नाही, म्हणजे गुरुजींचा पगार जगजाहीर आणि पदवी कपाटात, असा हा विलक्षण न्याय आहे. दहा रुपयांचा अर्ज करून तीस दिवसांत उत्तर मागता येते खरे, पण 2023 च्या विदा संरक्षण कायद्याने ‘वैयक्तिक माहिती’ची सबब अधिक ऐसपैस करून ठेवली आहे. त्या मानाने जिल्हा परिषद शाळेची व्यवस्थापन समिती, जिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात, हे हाताशी असलेले साधन होय.

अमेरिकेत शासकीय साहाय्य घेणाऱ्या अनेक शाळांना, शिक्षकांच्या अर्हतेविषयी विचारणा करण्याचा हक्क पालकांना आहे, हे दरवर्षी आपण होऊन कळवावे लागते. पात्र नसलेला शिक्षक सलग चार आठवडे शिकवीत असल्यास तसेही सांगावे लागते. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद, आश्चर्य असे की, शिकवणी वर्गांविषयीच आहे: केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदवीधर नसलेला शिक्षक नेमता येत नाही आणि अध्यापकांची अर्हता वर्गाच्या संकेतस्थळावर नमूद करावी लागते. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. राज्याने तिला कायद्याचे बळ दिल्यावाचून तिची अंमलबजावणी वर्गचालकांच्या मर्जीवरच राहणार.

केवळ पदवीने उत्तम शिक्षक घडत नाही, हे निर्विवाद आहे, आणि शिक्षकाच्या खाजगी आयुष्यात डोकावण्याचा कोणासही अधिकार नाही; तथापि ज्या अर्हतेच्या बळावर त्याची नेमणूक होते, ती त्याची खाजगी बाब राहत नाही. म्हणून नांदेड-लातूरच्या पालकांना एवढेच सांगणे आहे, की शुल्काची पावती घेण्यापूर्वी अध्यापकांच्या अर्हतेची यादी मागा, आणि मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर ती यादी दर्शनी भिंतीवर लावण्याचा ठराव समितीच्या पुढच्याच बैठकीत मांडा.