खेळ जपायचा की खोका?

११ जुलै २०२१ रोजी अमेरिकेतील एका लिलावात ‘सुपर मारिओ ६४’ या व्हिडिओ गेमची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना विकली गेली. त्या वेळच्या विनिमयदराने ही रक्कम साडेअकरा कोटी रुपयांच्या घरात जाते. १९९६ साली बाजारात आलेल्या या खेळाच्या एक कोटीहून अधिक प्रती जगभर खपल्या आहेत. तेव्हा खेळ दुर्मिळ होता असे म्हणण्याची सोय नाही. दुर्मिळ होते ते त्याचे न फोडलेले वेष्टन. ज्या प्रतीला खेळणाऱ्याचा हात कधीही लागला नाही, तिलाच सर्वांत अधिक मोल यावे, यात जुने व्हिडिओ गेम जमविण्याच्या छंदाचे बदललेले रूप स्पष्ट दिसते.

हा छंद मुळात असा नव्हता. नवी यंत्रे आली की जुनी माळ्यावर टाकली जात आणि पुढे जुन्या बाजारात किरकोळ किमतीला मिळत. बालपणीचा आनंद पुन्हा अनुभवावा म्हणून बेताच्या मिळकतीची माणसे ती विकत घेत, दुरुस्त करीत, त्यांच्या याद्या करीत आणि मुख्य म्हणजे ते खेळ खेळत. आपल्याकडेही १९९० च्या दशकात ‘निन्टेन्डो’ कंपनीच्या १९८३ सालच्या ‘फॅमिकॉम’ या यंत्राच्या स्वस्त नकला मध्यमवर्गीय घरांत शिरल्या होत्या. कॅसेट चालेनाशी झाली की ती काढून तिच्यावर फुंकर मारायची, हा उपाय त्या पिढीतील कोणासही सांगावा लागणार नाही. ती यंत्रे पुढे भंगारात गेली आणि त्याची खंत कोणी केली नाही.

आता या क्षेत्रात गुणांकन करणाऱ्या संस्था अवतरल्या आहेत. खेळाच्या खोक्याची स्थिती तपासून त्या दहापैकी गुण देतात आणि खोका पारदर्शक, टणक आवरणात कायमचा बंद करतात. साहजिकच खेळाडूची जागा गुंतवणूकदाराने घेतली, आणि ज्यांनी हा छंद वाढविला त्या सामान्य संग्राहकांना अनेक जुने खेळ परवडेनासे झाले.

यावर असे म्हटले जाईल की, किंमत आल्याशिवाय माणूस वस्तू जपत नाही. यात तथ्य आहे. १९८३ साली ‘अटारी’ कंपनीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डो येथे कचराभूमीत पुरून टाकला. २०१४ साली तोच माल उकरून काढण्यात आला आणि त्यातील ‘ई. टी.’ या खेळाची एक प्रत स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयाकडे गेली. कालचा कचरा आजचा वारसा ठरतो तो त्याचे मोल कोणाला तरी कळते म्हणूनच.

परंतु पोस्टाचे तिकीट किंवा नाणे आणि हा खेळ यांत एक मूलभूत भेद आहे. तिकीट पाहिले की ते समजते. व्हिडिओ गेम मात्र कोणी खेळू लागेल तेव्हाच अस्तित्वात येतो. शिवाय बंद आवरणाच्या आत काळ थांबत नाही. कित्येक कॅसेटींत खेळाची प्रगती साठविण्यासाठी बसविलेली बॅटरी संपते, तबकड्यांचा थर खराब होतो, चुंबकीय फितीवरील नोंद पुसट होते. आत काय उरले आहे हे पाहण्यासाठी आवरण फोडावे, तर किंमत जाते.

दुसरीकडे खेळच नाहीसे होत आहेत. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’ने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात उपलब्ध नाहीत. मार्च २०२४ अखेर ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेल्या तबकड्या निरुपयोगी ठरल्या. उद्याच्या संग्राहकाच्या कपाटात खोका असेल, खेळ नसेल.

एका नव्या कलेची अशी हेळसांड आपण यापूर्वी पाहिलेली आहे. १९३१ सालच्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच उरला आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. करमणुकीला इतिहास असतो हे मान्य करण्यास आपण अर्धे शतक लावले.

तीच चूक पुन्हा होऊ द्यायची नसेल, तर हे काम लिलावगृहांवर सोपवून चालणार नाही. ग्रंथालयांनी व संग्रहालयांनी जुन्या खेळांच्या चालू स्थितीतील प्रती ठेवल्या पाहिजेत आणि अभ्यासकांना त्या वापरू दिल्या पाहिजेत. बाजारात न मिळणारे खेळ अभ्यासकांना दुरून पाहू देण्याची मुभा ग्रंथालयांनी मागितली असता, अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारली. जो खेळ मालक विकत नाही आणि ग्रंथालयाला देऊही देत नाही, तो उरतो फक्त संग्राहकाच्या घरी. म्हणूनच आवरण फोडून खेळ खेळणाऱ्या, बिघडलेले यंत्र दुरुस्त करणाऱ्या जुन्या वळणाच्या छांदिष्टाकडे कौतुकाने पाहिले पाहिजे. वारसा राखण्याचे काम आज तोच करीत आहे.