चावी न घेणारं घड्याळ

२००३ साली बर दुबईच्या मीना बाजारात मी बाबांसाठी एक घड्याळ घेतलं. पहिल्या सुट्टीवर चिपळूणला जाताना टँगची बरणी, अत्तर, बदाम-पिस्ते ही सगळी वाण्याची यादी झालीच होती. पण वडिलांना काहीतरी ‘कायमचं’ द्यावं असं मनात होतं. दुकानदाराने काचेखालून एक काळं, जाडजूड घड्याळ काढलं. ‘सिको, ऑटोमॅटिक, दोनशे मीटर पाण्यात चालतं. नंबर बघा, झिरो झिरो सेव्हन. जेम्स बाँड!’ त्या महिन्याच्या पगारातले पाचशेच्या आसपास दिरहम मी मोजले. भाव करायची हिंमत तेव्हा नव्हती.

ते घड्याळ म्हणजे सिकोचं एसकेएक्स ००७. जेम्स बाँडशी त्याचा काही संबंध नाही, तो निव्वळ कंपनीचा क्रमांक. त्याच घड्याळाची निळ्या-लाल कडीची जुळी बहीण होती, तिचा क्रमांक ००९. तिला सगळे ‘पेप्सी’ म्हणतात. १९९६ साली बाजारात आलेलं हे मॉडेल २०१९च्या सुमारास बंद झालं. आणि बंद झाल्यापासून त्याचं असं काही झालंय, की ज्याला चांगल्या स्थितीतलं जुनं एसकेएक्स हवंय त्याला नव्याच्या वेळची दुप्पट-तिप्पट किंमत मोजावी लागते. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाबांना तर नव्हतंच.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक. आयुष्यभर घड्याळाकडे बघत गाड्या सोडल्या. मनगटावर एचएमटी जनता. रोज सकाळी चहाआधी त्याला चावी द्यायची, अंगठा आणि तर्जनीत धरून, मोजून, शेवटी किंचित अडकेपर्यंत. हा त्यांचा जवळजवळ नित्यनेम होता, देवपूजा आई करायची. मी दिलेलं सिको त्यांनी कौतुकाने चार लोकांना दाखवलं, आठवडाभर घातलं, आणि मग एक दिवस फोनवर म्हणाले, ‘अरे, तुझं घड्याळ चावी घेत नाही. नुसतं फिरतं.’

ते बरोबरच होतं. त्या घड्याळात जे ७एस२६ नावाचं मशीन होतं त्याला हाताने चावी देण्याची सोयच नव्हती. आत एक अर्धगोल वजन असतं, रोटर. मनगट हललं की ते फिरतं आणि त्याने स्प्रिंग गुंडाळली जाते. वजन कोणत्याही दिशेने फिरलं तरी स्प्रिंग एकाच दिशेने गुंडाळणारी एक साधी, दोन पंजांची तरफ सिकोने १९५९ साली आणली. ‘मॅजिक लिव्हर’ म्हणतात तिला. यंत्रातले किती भाग वाचले त्याने! म्हणून तर ही घड्याळं स्वस्त झाली. चाळीस तास बाजूला ठेवलं की मात्र थांबणार. मी फोनवर समजावलं, ‘बाबा, हलवायचं फक्त, आणि ती चावी आत दाबून घट्ट फिरवून ठेवा, नाहीतर पाणी जाईल.’ त्यांनी चावी घट्ट केली, घड्याळ डबीत घातलं आणि डबी लोखंडी कपाटाच्या खणात. पुढची अठरा वर्षं एचएमटीच मनगटावर राहिलं. मी दर सुट्टीत डबी उघडून बघायचो, थोडं हलवायचो, ते चालू व्हायचं. बाबा म्हणायचे, ‘हलवल्याशिवाय चालत नाही ते कसलं घड्याळ, नोकर म्हणायचा तो.’ मला लागायचं, पण बोललो नाही.

२२ जुलै २०२१. त्या तारखेला चिपळूणमध्ये काय झालं हे आपल्या मंडळातल्या कोकणवाल्यांना सांगायला नको. वाशिष्ठीचं पाणी रात्रीतून चढलं. आई-बाबांना शेजाऱ्यांनी वरच्या मजल्यावर नेलं. घाईत बाबांचं एचएमटी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात राहिलं, आंघोळीआधी काढून ठेवायची सवय. तेव्हा भारतातून इकडे परत यायला निर्बंध होते. गेलो असतो तर कामावर कधी परतणार याचा भरवसा नव्हता, आणि मी गेलो नाही. यावर मी अजून विचार करतो. चुलतभाऊ गेला, त्याने चिखल काढला. मी पोचलो दिवाळीत.

एचएमटी गेलं होतं. गंजाने काटे तबकडीला चिकटलेले. चिपळुणात, मग पुण्यात दाखवलं, पण सुटे भाग कुठून आणणार? एचएमटीचा घड्याळांचा कारभार बंद करायला केंद्र सरकारने २०१६ सालीच मंजुरी दिलेली. लोखंडी कपाटातल्या खणात चिखलाचा गोळा झालेली डबी होती. मी ती नळाखाली धरली. घड्याळ बाहेर आलं, पट्टा धुतला, आणि सवयीने हलवलं. सेकंदकाटा निघाला.

अठरा वर्षांचं जुनं रबरी सील, एकदाही न बदललेलं, आणि आत पाण्याचा थेंब नाही. अर्थात चावी घट्ट होती म्हणून. बाबांनी ते घड्याळ इतकं नापसंत केलं होतं की पुन्हा चावी सोडूनसुद्धा पाहिली नव्हती.

मी ते दुबईला घेऊन आलो, आणि इथून माझं शिक्षण सुरू झालं. ऑफिसात एक तरुण फिलिपिनो सहकारी आहे, त्याच्या मनगटावर दर सोमवारी वेगळं सिको. त्याने माझ्या हातातलं घड्याळ उलटं केलं, मागच्या झाकणावर लाटेचं चित्र बघितलं, अनुक्रमांक वाचला आणि म्हणाला, ‘नोव्हेंबर २००२.’ पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरी खूण महिन्याची. एक ते नऊ आकडे, मग ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरची इंग्रजी आद्याक्षरं. माझ्यावर २ आणि एन होतं. वार दाखवणारी चकती इंग्रजी आणि अरबी दोन्हीत वार दाखवते. तो म्हणाला, विकणार का? मी विचारलं, कितीला? त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी चहा खाली ठेवला.

मग मी त्यालाच विचारलं, की यात एवढं काय आहे?

त्याचं पहिलं उत्तर असं, की हे खरंखुरं डायव्हरचं घड्याळ आहे, दिखाऊ नाही. तबकडीवर ‘डायव्हर्स २०० मीटर’ लिहायचं असेल तर आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ६४२५. त्यात दाबाची चाचणी लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट घेतात. अंधारात पंचवीस सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे. बाहेरची कडी चुकून फिरण्यापासून सुरक्षित पाहिजे, उदाहरणार्थ एकाच दिशेने फिरणारी. यातली कडीची गोष्ट मला फार आवडली. पाणबुड्या खाली उतरताना कडीवरचा बाण मिनिटकाट्यासमोर आणतो, म्हणजे किती वेळ झाला ते कळतं. कडी कशाला तरी आपटून सरकली, तर ती फक्त जास्त वेळ झाला असंच दाखवणार, कमी कधीच नाही. माणूस लवकर वर येईल, उशिरा नाही. एसकेएक्सची कडी एका फेरीत १२० वेळा टिकटिकते, अर्ध्या मिनिटाला एक. आमच्या घरी ही कडी पार्किंगच्या वेळेसाठी वापरली जाते. दंड वाचलाय दोनदा.

या सगळ्यामागे सिकोची मोठी परंपरा आहे. पहिलं जपानी डायव्हर घड्याळ त्यांनी १९६५ साली काढलं, १५० मीटरचं. ते जपानच्या अंटार्क्टिकातल्या संशोधन मोहिमेत वापरलं गेलं. १९६८ साली हिरोशिमा प्रांतातल्या कुरे इथल्या एका व्यावसायिक पाणबुड्याने कंपनीला पत्र लिहिलं, की तुमची घड्याळं आमच्या खोलीवर टिकत नाहीत. कंपनीने ते पत्र फायलीत न टाकता सात वर्षं त्यावर काम केलं आणि १९७५ साली टायटॅनियमचं ६०० मीटरचं घड्याळ काढलं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैनिकांच्या हातावर सिकोची डायव्हर घड्याळं असत. ‘अपोकॅलिप्स नाऊ’मध्ये मार्टिन शीनच्या हातावर तसंच एक आहे. आमचं ००७ हे त्याच घराण्यातलं, पण मध्यमवर्गीय. चावी तीनच्या ऐवजी चारच्या जागी, म्हणजे मनगट वाकवलं तर टोचत नाही. अंधारात हिरवी उजळणारी मोठी गोल टिंबं. बास.

आणि दोष? भरपूर. सेकंदकाटा थांबवून वेळ जुळवता येत नाही. तबकडीभोवतीची मिनिटांची रिंग आणि बाहेरची कडी पुष्कळदा अचूक समोरासमोर येत नाहीत, बारावर थोडी तिरपी दिसते. धातूचा पट्टा बांगड्यांसारखा वाजतो. ‘मेड इन जपान’ लिहिलेलं चांगलं की न लिहिलेलं, यावर संग्राहक तासन्‌तास वाद घालतात, मशीन तेच असलं तरी. माझं मत विचाराल तर ही माणसं त्याच्या दोषांवरच जास्त प्रेम करतात. महागड्या स्विस घड्याळाला ओरखडा पडला तर रात्री झोप येत नाही. याला ओरखडा पडला तर गंमत वाटते. शिवाय त्याचा प्रत्येक भाग बदलता येतो. काच, काटे, तबकडी, कडी, सगळ्याचे सुटे भाग मिळतात. टेबलावर चिमटा घेऊन बसलेली किती पोरं घड्याळजीचं काम शिकली ती याच घड्याळावर.

मग ते बंद का झालं? २०१९ साली सिकोने त्याच्याच तोंडवळ्याची ‘सिको फाइव्ह स्पोर्ट्स’ मालिका आणली. आत नवं मशीन, चावी देता येते, सेकंदही थांबतो. पण पाण्याची मर्यादा १०० मीटर, चावी आटे फिरवून बंद करायची नाही, आणि तबकडीवर ‘डायव्हर्स’ नाही. जुने शौकीन यावर चिडले. त्यांचं अर्धं बरोबर आहे. रोजच्या वापराला नवं जास्त सोयीचं, यात शंका नाही. पण चिपळूणच्या कपाटात तो चिखल मी पाहिला आहे, त्यामुळे आटे नसलेल्या चावीबद्दल मी जरा हळवा आहे.

घड्याळ चालू होतं, पण दिवसाला पाच-सहा मिनिटं मागे पडत होतं. आतलं तेल वाळलेलं. मीना बाजारातल्या एका मलबारी घड्याळजीकडे गेलो. त्याने झाकण उघडलं, भिंगातून पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, ‘अंदर से कुंवारा है.’ मग दोन रस्ते सांगितले. एक, हेच मशीन सोडवून, धुऊन, तेल घालून पुन्हा जोडायचं. दोन, त्याच मापाचं सिकोच्याच घराण्यातलं एनएच३६ मशीन टाकायचं. ते स्वस्त पडेल, वाराची चकती जुनीच काढून बसवू, बाहेरून फरक कळणार नाही.

फिलिपिनो मित्राने हात जोडले. मूळ मशीन काढू नका, किंमत जाईल. संग्राहकांचा पहिला नियमच तो, जे कारखान्यातून आलं ते तसंच ठेवायचं. मलाही ते पटत होतं. नोव्हेंबर २००२पासून, पुराच्या पाण्यातसुद्धा, जे कोणी उघडलं नव्हतं ते मी का उपटून काढावं? आगाऊ पैसे देऊन मी पहिला रस्ता पक्का केला आणि बाहेर पडलो.

अब्रापर्यंत चालत आलो. घाटावर उभा राहून चिपळूणला फोन लावला. आई म्हणाली, ‘यांचं काही खरं नाही बाई, सकाळी उठतात आणि चहाआधी नुसते हात चोळत बसतात.’ मी विचारलं, का? ती म्हणाली, ‘का म्हणजे? चावी द्यायला घड्याळ नाही ना.’

एनएच३६ला चावी देता येते.

मी परत दुकानात गेलो. घड्याळजीला दुसरा रस्ता सांगितला. त्याला आश्चर्य वाटलं नाही, त्याच्याकडे रोज माणसं मत बदलत असतील. जुनं मशीन त्याने औषधाच्या गोळीसारखं छोट्या प्लास्टिकच्या डबीत घालून दिलं, नवी सील बसवली, दाबाची चाचणी केली. मित्राला सांगितलं तेव्हा तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मग विचारायला आला, की डबीतलं मशीन विकणार का.

मेमध्ये घरी गेलो. बाबांच्या हातात घड्याळ दिलं, चावी कशी सोडायची दाखवली. त्यांनी अंगठा आणि तर्जनीत धरली, हळूच फिरवली, कान जवळ नेला. आतून बारीक करकर आली. वीस वेळा फिरवून थांबले.

‘दुरुस्त करून आणलंस होय,’ म्हणाले. ‘तेव्हाच आणायचं.’

मी खरं काय ते सांगितलं नाही. आता रोज सकाळी चहाआधी ते चावी देतात, ही बातमी आईकडून येते. या मशीनला चावी शेवटी अडकत नाही, म्हणून वीसपर्यंत मोजतात. फक्त दिल्यावर ती आत दाबून घट्ट करायला विसरतात. त्यामुळे पावसाळा जवळ आला की रविवारच्या फोनवर मी पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि ते दर वेळी ‘केली रे’ म्हणतात. मागून आईचा आवाज येतो, ‘नाही केलेली.’