जुन्या टेबलाचा रंग खरवडण्यापूर्वी

श्रावण लागला की आपल्याकडे घरोघरी गणपतीची तयारी सुरू होते. मुंबईहून मंडळी यायची असतात. अशा वेळी माळ्यावरचे किंवा पडवीतले एखादे जुने टेबल खाली उतरवले जाते. आजोबांच्या वेळचे, सागाचे किंवा फणसाचे. मधल्या काळात कोणीतरी त्यावर हिरवा नाहीतर करडा ऑइलपेंट फासलेला असतो, तो आता पोपडे धरू लागलेला असतो. "रंग काढला की आत लाकूड कसे आहे बघा! पॉलिश करून नातवाला अभ्यासाला देऊ," असे घरातले वडीलधारे म्हणतात, पॉलिश पेपर आणवतात आणि बाहेर पाऊस असल्याने पडवीतच घासायला बसतात. नातू शेजारी बसून गंमत पाहतो.

हा उद्योग चांगलाच आहे. जुने लाकूड टिकावे असे मलाही वाटते. पण घासताना जी बारीक पूड उडते, तिच्याविषयी दोन गोष्टी वाचकांना माहीत असाव्यात म्हणून आजचा लेख.

जुन्या तेलरंगांत शिसे असण्याची दाट शक्यता असते. सफेदा, शेंदूर, पिवळा क्रोम ही रंगद्रव्ये शिशाचीच संयुगे, आणि पिवळ्यात निळा मिसळून हिरवाही करीत. रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाची संयुगे घालीत. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर बंधन घालणारे नियम २०१६ साली झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक शिसे असलेला रंग विकण्यास बंदी आली. म्हणजे त्याआधीच्या कोणत्याही तेलरंगाचा भरवसा धरता येत नाही. प्रत्येक जुन्या रंगात शिसे असतेच असे नाही, पण नुसते पाहून किंवा वास घेऊन ते ओळखता येत नाही. तेव्हा ते आहे असे धरूनच काम करावे. चुन्याच्या सफेदीबद्दल मात्र ही धास्ती नको.

रंगातल्या शिशाने मुले आजारी पडतात हे प्रथम ध्यानात आले ते ऑस्ट्रेलियात. ब्रिस्बेन शहरातील डोळ्यांचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ साली हे दाखवून दिले. तिथली घरे लाकडी, पुढे आपल्या पडवीसारखा व्हरांडा आणि त्याला रंगवलेले कठडे. उन्हाने त्या रंगाची भुकटी होई, मुले कठड्याला धरून खेळत आणि तेच हात तोंडात घालत. त्यावर तिकडे कायदा व्हायला १९२२ साल उजाडले. आपल्याला आणखी ९५ वर्षे लागली!

लहान मुलांनाच जास्त धोका का? एकतर ती जमिनीवर वावरतात आणि हात सारखा तोंडात घालतात. दुसरे म्हणजे पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण दहावा हिस्सा शोषला जातो, मुलाच्या शरीरात जवळजवळ निम्मा. अंगात लोह किंवा चुना (कॅल्शियम) कमी असेल तर आणखी जास्त. हे शिसे रक्तातून मेंदूकडे जाते. बुद्धीची वाढ, एकाग्रता, शिकण्याची शक्ती यांवर परिणाम होतो आणि झालेले नुकसान भरून येत नाही. ज्या मुलाच्या अभ्यासासाठी टेबल घासायचे, त्याच्याच अभ्यासावर घाला! शरीरात शिसे इतक्या प्रमाणापर्यंत चालेल अशी सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेला सापडलेली नाही.

लक्षणे फसवी असतात. पुष्कळदा काहीच दिसत नाही. दिसलीच तर पोटात दुखणे, बद्धकोष्ठ, भूक मंदावणे, चिडचिड, चेहरा पांढुरका पडणे. आई म्हणते जंत झाले असतील, जंताचे औषध आणि टॉनिक दिले जाते. शिशाचा विचार कोणाच्या मनातही येत नाही.

घरात मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली असेल तर हे काम त्या काळात काढूच नये. गर्भवतीच्या शरीरातील शिसे वारेतून बाळापर्यंत पोचते. पूर्वी कधीतरी अंगात गेलेले शिसेही हाडांत साठून राहते आणि गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरते. त्यात नवी भर नको.

मग टेबलाचे करायचे काय? रंग घट्ट बसलेला असेल तर तो काढूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साबणाच्या पाण्याने पुसावे, वॉटर पेपर ओला करून हलका हात फिरवावा आणि वर नवा रंग द्यावा. लाकूड दिसण्याचा मोह आवरला तर अर्धी चिंता मिटते.

पोपडे सुटत असतील आणि रंग काढणे भागच असेल, तर पावसाळा संपू द्यावा. एरवीही दमट हवेत स्पिरिट पॉलिश पांढरे पडते, हे कोणताही सुतार सांगेल. दिवाळीनंतर कोरड्या दिवसात टेबल बाहेर काढावे. विहिरीपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर, खाली प्लॅस्टिक अंथरून. कोरडे घासायचे नाही, हा मुख्य नियम. पाणी शिंपडत रंग भिजवावा, पत्रीने ओलाच खरवडावा, वॉटर पेपरही ओला ठेवावा. विजेवर चालणारे घासण्याचे यंत्र तर नकोच. ब्लोलॅम्पने रंग जाळला की शिशाची वाफ थेट फुप्फुसात जाते. पेंट रिमूव्हर बंद खोलीत वापरू नये. त्यातील काही द्रव्यांपासून शरीरात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि हृदयविकाराच्या रुग्णाला ते जिवावर बेतू शकते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, कोरोनाच्या वेळचा एन-९५ मास्क लावावा. मध्येच विडी, चहा, तंबाखू नको. काम झाल्यावर आंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत. जागा केरसुणीने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

खरवड ओलीच गोळा करून पिशवीत घट्ट बांधावी. ती माडाच्या आळ्यात टाकू नये. आणि एक गोष्ट आपल्याकडे हमखास होते, ती म्हणजे रंगवलेल्या लाकडाचे तुकडे न्हाणीच्या चुलीत जातात. शिसे जळून नाहीसे होत नाही, ते राखेत उरते. त्याच राखेने कोणी भांडी घासली तर काय होईल हे सांगायला नको.

ज्यांचे पोट या कामावर आहे त्या रंगारी बंधूंचे काय? ते आयुष्यभर हीच धूळ खातात आणि कपड्यांवरून घरी मुलांपर्यंत नेतात. त्यांना काम देणाऱ्याने निदान पाण्याची बादली, मास्क आणि हातपाय धुवायला साबण द्यावा.

आतापर्यंत कोरडे घासून झाले असेल तर घाबरून जाऊ नये. घर दोन-तीनदा ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, मुलांची नखे कापावीत, जेवणापूर्वी साबणाने हात धुवायला लावावेत. उपाशीपोटी शिसे अधिक शोषले जाते, म्हणून मुलांना वेळेवर खायला द्यावे. नाचणी, दूध, पालेभाज्या आहारात असाव्यात. वर सांगितलेली लक्षणे असतील, किंवा मूल लहान असून धुळीत खेळले असेल, तर डॉक्टरांना टेबलाची हकीकत आवर्जून सांगावी. रक्तातील शिसे तपासता येते. ही तपासणी सगळीकडे होत नाही, नमुना मोठ्या शहरातील प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. रक्त शिरेतून घेतलेले असावे, कारण बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात हातावरची धूळ मिसळून आकडा खोटा वाढतो.